दोन घटकांच्या आत

रविवार, ता. ६ नोव्हेंबर १९४९

आजपासून ही वही त्रिशलाची. लिहिणार मी, पण विषय ती. सहा वर्षं पुरी झाली. उंची तीन फूट पाच इंच, वजन चौतीस रत्तल, छाती न सांगण्यासारखी. गेल्या श्रावणात टायफॉइडनं तिला जी धुऊन काढली, ती अजून भरून आलेली नाही. शाळेत मी ड्रिल मास्तर, दोनशे पोरांना छाती पुढे काढायला लावतो, आणि माझी स्वतःची पोरगी काडी पैलवान. परवा मास्तरांच्या खोलीत कुणीतरी म्हणालंच, "मगदूम, घरचं ड्रिल कधी?" मी हसलो, पण लागलं.

तेव्हा बेत ठरवला. रोज सकाळी तिला सायकलवरून दूधकट्ट्यावर न्यायचं आणि समोर पिळलेलं धारोष्ण दूध पाजायचं. आचळातून पेल्यात, पेल्यातून पोटात. तालमीतली सगळी पोरं त्याच दुधावर वाढली, मीही वाढलो. सहा महिन्यांत पोर ओळखू येणार नाही.

घरात अर्थात वादावादी. आम्ही जैन. आमच्याकडे दूध आलं की वस्त्रातून गाळायचं आणि दोन घटकांच्या आत चुलीवर चढवायचं, कारण त्यानंतर त्यात जीव पडतात अशी शिकवण. अक्का, म्हणजे माझी आई, हे इतकं कडक पाळते की गवळी उशिरा आला तर दूध दारातून परत पाठवते. ती म्हणाली, "कच्चं दूध लेकराला? आपल्यात न्हाय तसलं."

मी तयारीत होतो. "अक्का, दोन घटका म्हंजे आठ्ठेचाळीस मिनिटं. तितं पिळल्यापास्नं पोटात जाईस्तोवर दोन मिनिटं बी लागत न्हाईत. जीव पडायचं कवा? गाळायला फडकं संगं नेतो, मग तर झालं?"

अक्का गप्प बसली. ती गप्प बसली की मी जिंकलो असं धरतो. पद्मावती भाकरी थापत होती. आमच्या सौभाग्यवतींनी मान वर केली नाही.

मंगळवार, ता. ८ नोव्हेंबर

पहिला दिवस. सायकलच्या दांडीवर उशी बांधली, माझा मफलर तिच्या कानांना गुंडाळला. सगळी वाट बोलत होती, त्यामुळे मला बोलावं लागलं नाही.

कट्ट्यापुढं म्हशी ओळीनं उभ्या, माणसं पेले घेऊन आपापल्या म्हशीपुढं. आमची म्हैस केरबाची. केरबा तालमीतला माझा जुना सोबती, लंगोट सुटला आणि म्हशी आल्या. "आणा मास्तर, पैल्या धारंचं देतो पोरीला," म्हणाला. फडकं लावून गाळलं तर सगळा फेस फडक्यातच राहिला आणि त्रिशलाचं तोंड पडलं. केरबा म्हणाला, "फडकं कशाला लावताय? खरी चव त्यातच हाय की." दुसरा पेला तसाच दिला. नाकापर्यंत पांढरी मिशी आली.

"अण्णा, हे चुलीवर नव्हतं, तरी गरम कसं?"

"म्हशीच्या पोटात चूल असते," मी म्हणालो.

तिनं म्हशीच्या पोटाला हात लावून बघितला आणि तिला पटलं. उद्यापासून फडकं घरी. अक्काला हे सांगायची गरज नाही.

रविवार, ता. १८ डिसेंबर

वजन साडेपस्तीस. दीड रत्तल वाढ. हे आकडे मी मोठ्यानं वाचून दाखवले. पद्मावती म्हणाली, "व्हय, पण हे बगा." त्रिशलाच्या गळ्याला उजवीकडे दोन लहान गाठी आहेत, बोरांएवढ्या, दुखत नाहीत. शाळेत निम्म्या पोरांना असतात. थंडीच्या आहेत, जातील.

आजची गंमत लिहून ठेवायलाच हवी. दूध पिऊन झाल्यावर त्रिशला गंभीर चेहरा करून म्हणाली, "अण्णा, तिला औषध द्या. ती खोकते." मी विचारलं, कोण? तर म्हैस. केरबा आणि मी पोट धरून हसलो. शेजारच्या म्हशीवाल्यालाही सांगितलं, तोही हसला. "कडब्याची धूळ गेली आसंल नाकात," केरबा तिला म्हणाला. "म्हशीला डाक्टर आणू व्हय बाळ?" घरी येऊन मी हे सगळ्यांना नक्कल करून सांगितलं. पोरगी डॉक्टरीण होणार बहुतेक.

गुरुवार, ता. २६ जानेवारी १९५०

आज प्रजासत्ताक. आमच्या शाळेचं संचलन सगळ्यांत सरळ होतं, हे मी म्हणत नाही, पाहुणे म्हणाले. त्रिशलाला बघायला नेलं होतं. ती दोरीच्या पलीकडून आमच्या बरोबरीनं चालत होती, एक दोन, एक दोन, हात खांद्यापर्यंत वर. शेवटच्या रांगेच्या पुढं गेली तरी पाय चुकला नाही. वजन सदतीस. मला आज कुणी विचारलं असतं की तुला आणखी काय हवं, तर मला सुचलं नसतं.

रविवार, ता. २३ एप्रिल

बरेच दिवस वही उघडली नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं म्हणून, आणि वजन वाढत नव्हतं म्हणून. खरं तर पाव रत्तल उतरलंय. संध्याकाळी अंग कोमट लागतं. ऊन फार आहे यंदा. लंगडीच्या खेळात मधेच बसते आणि बाकीच्या पोरी ओरडतात. आळस एकदा अंगात शिरला की काढणं कठीण, म्हणून सकाळी दोन पेले सुरू केले.

केरबाची म्हैसही खंगलीय. दूध कमी आलंय, पण त्रिशलाचे पेले तो आधी बाजूला काढतो. माणूस लाख मोलाचा आहे.

रविवार, ता. १६ जुलै

त्रिशला उजव्या पायानं लंगडते. पहिल्यांदा मला नक्कलच वाटली. मग पाहिलं तर कुणी बघत नसतानाही लंगडते. गुडघा दुखतो म्हणते. गुडघा मी नीट तपासला, ना सूज ना लाली. गुंडू वस्तादांना दाखवला. त्यांनी आजवर किती पैलवानांचे सांधे बसवले त्याची गणती नाही. तेल लावून चांगला चोळला, वाकवला, ताणला. ती ओरडली. वस्ताद म्हणाले, "शीर आखडलीया. चालवा तिला, बसू देऊ नगा."

म्हणून रोज संध्याकाळी सज्जात वीस फेऱ्या. मी मोजतो, ती चालते. पंधराव्या फेरीनंतर रडते. मी लक्ष देत नाही. दया करून कुणाचं शरीर बनत नाही.

शुक्रवार, ता. ११ ऑगस्ट

हे कसं लिहावं कळत नाही.

गेले आठ दिवस रात्री झोपेत ती किंचाळते. एकच किंकाळी, लांब. आम्ही दिवा लावून बघतो तर डोळे उघडे असतात, पण आम्हाला ओळखत नाही. उजवा पाय दोन्ही हातांनी धरलेला. थोड्या वेळानं झोपते. सकाळी विचारलं तर काहीच आठवत नाही. "मी ओरडले? नाही हो अण्णा," असं हसून म्हणते.

अक्का तिच्या उशाशी णमोकार म्हणत बसते. पद्मावती म्हणाली, जयसिंगपूरला तिच्या माहेरी कुणी जाणतं आहे, एकदा दाखवून आणू. मी तिला झापलं. मग अंथरुणावर पडून त्या किंकाळीची वाट बघत राहिलो. आली नाही तर जास्त वाईट वाटतं, कारण मग पहाटेपर्यंत वाट बघावी लागते. मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही, पण त्या क्षणी तिच्या तोंडातून कोण ओरडतं हे मला माहीत नाही.

सोमवार, ता. ४ सप्टेंबर

डॉ. निगुडकरांकडे नेलं. गुडघा, गुडघा असं मी सांगत होतो, पण त्यांनी गुडघ्याकडे बघितलंही नाही. तिला उताणं झोपवलं आणि कमरेखाली हात घातला. "पाय सरळ ठेव बाळ." पाय सरळ ठेवला की तिची कंबर टेबलावरून उचलली जायची, इतकी की हात आरपार जाईल. मग एक्स-रे फोटो काढला. काचेवर धरून त्यांनी मला दाखवलं. डावीकडे हाडाचा गोळा त्याच्या वाटीत नीट बसलेला. उजवीकडे वाटीची कड उंदरानं कुरतडल्यासारखी.

हाडाचा क्षय. खुब्याचा. गुडघा फक्त दुखतो, रोग वरती असतो, म्हणाले. रात्रीची किंकाळी यातलीच. जागेपणी स्नायू सांध्याला आवळून धरतात, झोपेत सैल पडतात, सांधा हलतो.

म्हणजे त्या वीस फेऱ्या. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. किती फेऱ्या झाल्या असतील याचा हिशेब मी घरी येईपर्यंत करत होतो आणि उत्तर आलं तरी पुन्हा करत होतो.

त्यांनी एक प्रश्न दोनदा विचारला, "घरात कुणी खोकतं का? जुना खोकला?" मी छाती पुढे काढून सांगितलं, "आमच्याकडे कुणालाही साधं पडसं होत नाही."

आता छातीपासून पावलापर्यंत प्लॅस्टर, महिनोन्‌महिने. मोकळी हवा, ऊन. स्ट्रेप्टोमायसीनची इंजेक्शनं, ती मुंबईहून यायची. "अंडी तुमच्यात चालायची नाहीत," डॉक्टर म्हणाले, "तेव्हा दूध भरपूर द्या." चला, तेवढी एक गोष्ट तरी मला येते.

मी विचारलं, "चालेल ना ती?" ते म्हणाले, "आधी रोग थांबू दे." हे उत्तर नव्हे.

रविवार, ता. १५ ऑक्टोबर

खाट सज्जात टाकलीय. प्लॅस्टरमध्ये ती उताणी, डावा पाय तेवढा मोकळा. सकाळी दहापर्यंत ऊन मिळतं. किंकाळी बंद झाली. तरी मला जाग येते, त्याच वेळी, आणि मी उठून तिच्या तोंडाशी कान नेतो.

कट्ट्यावर आता एकटा जातो. झाकणाचा लोटा घेतलाय. दूध पिळून झालं की सायकल जी मारतो ती थेट घरी, नऊ मिनिटं. अक्काच्या दोन घटकांच्या कितीतरी आत. लोटा चुलीपाशी ठेवतो आणि बजावतो, "असंच द्या, तापवू नका, ताकद जाते." मग आंघोळीला जातो, शाळेची वेळ झालेली असते.

केरबाची ती म्हैस गेल्या आठवड्यात गेली. "वाळून वाळून गेली बगा," म्हणाला. डोळ्यांत पाणी होतं. आता दुसरीचं देतो. त्रिशलाला सांगितलेलं नाही. ती रोज विचारते, ती बरी आहे ना, आणि मी हो म्हणतो.

रविवार, ता. ७ जानेवारी १९५१

प्लॅस्टरच्या आत खाज सुटते आणि तिथं हात पोचत नाही, म्हणून ती वरून चमच्यानं वाजवते. टक, टक, टक. त्यानं खाज थांबते असं तिचं म्हणणं. वर्गात असतानाही मला तो आवाज येतो. परवा मी "कोण वाजवतंय?" म्हणून ओरडलो, पोरं माझ्याकडे बघत राहिली. कुणीही वाजवत नव्हतं.

आज सुट्टी म्हणून तिच्यापाशी बसलो. नुकतंच दूध पिऊन झालं होतं. वरच्या ओठाला साय चिकटली होती, ती जिभेनं ओढून खाल्ली आणि हसली. केरबाची नवी म्हैस चांगलीच सकस दिसते. पहिलीच्या दुधाला फेस होता, साय कधी दिसली नाही.

डॉक्टर म्हणतात, गाठी बसल्या, ताप गेला, वजन धरतंय. दुधाचा गुण आहे. मी तसं म्हणालो तेव्हा पद्मावती उठून आत गेली. तिला हल्ली काही बोलायला जावं तर काम आठवतं.

शनिवार, ता. ९ जून

प्लॅस्टर पाठीला कुठं घासतं ते बघायला डॉक्टर आज सकाळी घरी आले. मी लोटा घेऊन शिरतच होतो.

"हे कुठलं?"

"कट्ट्यावरचं. धारोष्ण. नऊ महिने एक दिवस खंड नाही."

"तापवून देता ना?"

मी हसलो. "तापवल्यावर सत्त्व काय राहणार डॉक्टर?"

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "आजारी पडायच्या आधी?"

"त्याच्या आधी दहा महिने. जागेवर नेऊन पाजलंय. मी स्वतः."

"एकाच म्हशीचं?"

"एकाच. गेली ती, दसऱ्याच्या आधी."

"कशानं?"

"वाळत गेली. खोक..." आणि मी थांबलो.

 सज्जातून टक, टक येत होतं.

मग डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "मी विचारलं होतं तुम्हाला. घरात कुणी खोकतं का."

"घरात कुणी खोकत नव्हतं, डॉक्टर."

"नाही. घरात नाही."

जाताना दारात त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, खात्रीनं कुणी सांगू शकणार नाही. शाळेत, रस्त्यात, कुणाही माणसाच्या खोकल्यानं लागू शकतं, बहुतेकांना तसंच लागतं. पण जनावरांना हा रोग होतो आणि कच्च्या दुधातून लहान मुलांच्या गाठींत, हाडांत उतरतो, असं पुस्तकांत आहे. "घरोघर दूध तापवतातच, म्हणून मी विचारलं नाही. ती माझी चूक. आजपासून उकळीशिवाय थेंब नको."

खात्रीनं कुणी सांगू शकणार नाही. म्हणजे मला आयुष्यभर कुणी सांगणार नाही.

रविवार, ता. १० जून

रात्री लिहून झालं आणि वही चाळली. १८ डिसेंबरचं पान माझ्याच अक्षरात आहे. "आजची गंमत लिहून ठेवायलाच हवी."

सकाळी अक्कापुढं जाऊन बसलो आणि सगळं सांगितलं. आजारीपणातसुद्धा नऊ महिने मी तेच पाजत होतो, हेही सांगितलं. रडलो. चाळीस वर्षांचा माणूस.

अक्का म्हणाली, "ऊठ. हिकडं ये."

चुलीमागून तिनं एक लहान पातेलं काढलं, बूड काळंठिक्कर. "तू लोटा ठिऊन आंगोळीला गेलास की ह्यात वतायचं. उकळी काढायची, वारा घालून कोमट करायचं, मग द्यायचं. एक बी दिस कच्चं दिल्यालं न्हाय. पद्मावती दाराकडं बगत उबी ऱ्हायची."

"मला का सांगितलं न्हाईस?"

"सांगून ऐकलं आस्तंस व्हय? दोन घटकांच्या आत चढवायचं हुतं. तुज्यासंगं भांडत बसल्यावर दोन घटका तितंच गेल्या आस्त्या."

मला साय आठवली. कच्च्या दुधाला साय धरत नाही, हे घरातल्या पोरालाही कळतं. मी वहीत लिहून ठेवलं होतं आणि मला कळलं नव्हतं.

पातेलं जागेवर ठेवताना ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "कट्ट्यावर तेवडं मला येता आलं न्हाय बग."

रविवार, ता. १७ जून

कट्ट्यावर गेलो. तीन लहान मुलं होती, एक तर बापाच्या खांद्यावर. मी त्यांना सांगितलं, तापवून द्या. एकजण म्हणाला, "मास्तर, तुमीच सांगत हुता की, धारोष्णासारकं दुसरं न्हाय म्हणून." सांगत होतोच. शाळेत तर वर्गावर्गात सांगितलंय.

केरबा मला बाजूला घेऊन म्हणाला, "माजी नात बी हेच पिती मास्तर. मी काय इख घालतोय व्हय त्यात?"  मी म्हणालो, तुझा दोष नाही केरबा, फक्त नातीला तापवून दे.  मागं एक म्हैस खोकली असं मला वाटलं. वळून सगळ्या म्हशींची तोंडं बघितली. रवंथ करत होत्या.

आजपासून घरी दूध मी तापवतो. अक्का म्हणते, एक उकळी बास झाली. मी तीन काढतो.

गुरुवार, ता. २० मार्च १९५२

प्लॅस्टर उतरलं, दीड वर्षानं. आतून जो पाय निघाला तो माझ्या मनगटाएवढा होता. रोग थांबलाय. सांधा मात्र आखडून एक झाला, तो आता वळणार नाही. पाय सव्वा इंच आखूड. मांडी घालून जेवायला बसता येणार नाही. चालेल. डॉक्टरांनी अखेर उत्तर दिलं, "चालेल."

चर्मकाराकडून उजव्या वहाणेला चामड्याचे जादा थर लावून घेतले. आज ती सज्जात भिंतीला धरून चालली. सहा पावलं. पद्मावती आणि अक्का दोघी रडत होत्या, ती हसत होती. "मोजा ना अण्णा," म्हणाली.

मला मोजता आलं नाही.

बुधवार, ता. २ जुलै

हेडमास्तरांना विचारून घेतलं, ड्रिलला तोंडानं मोजण्याऐवजी शिट्टी चालेल का. कारण विचारलं तर घसा बसतो म्हणालो. एक म्हटलं की दोन यायला उशीर होतो असं मला ऐकू येतं. दोनशे पोरं एका तालात पाय टाकतात आणि मला त्यांत एक वहाण वेगळी ऐकू येते.

रविवार, ता. १२ डिसेंबर १९५४

ही वही अडीच वर्षं कपाटात होती. आज काढली, कारण आजचं लिहिल्याशिवाय झोप लागणार नाही.

त्रिशला अकरा वर्षांची. शाळेत दोन यत्ता मागं, पण निबंधात पहिली. आज दुपारी स्वयंपाकघरात तिच्या उंच स्टुलावर बसून तिनं निबंध वाचून दाखवला. अक्का पाटावर होती, पद्मावती निवडत बसली होती, मी चुलीशी. दूध चढवलेलं होतं. निबंधाचा विषय "माझे सुखाचे दिवस". इथं उतरवून ठेवतो, जसाच्या तसा.

"मी लहान असताना माझे अण्णा मला रोज सकाळी सायकलवरून दूधकट्ट्यावर नेत. थंडी असे. अण्णा आपला मफलर माझ्या कानांना बांधत आणि स्वतः कुडकुडत. दुधावर फेस असे. म्हशीच्या पोटात चूल असते, म्हणून दूध गरम असते, असे अण्णांनी मला सांगितले होते. मी ते पुष्कळ वर्षे खरे मानले. केरबामामांची म्हैस खोकत असे. मी अण्णांना म्हटले, तिला औषध द्या. तेव्हा सगळे हसले. पुढे मी आजारी पडले आणि दीड वर्ष खाटेवर होते. खाटेवर मला कंटाळा आला की मी डोळे मिटून कट्ट्यावर जात असे. ते माझे सुखाचे दिवस होत. असे अण्णा कुणाचेही नाहीत."

पद्मावतीच्या सुपातले हात थांबले. अक्का माझ्याकडे बघत होती. तिनं आजवर त्रिशलाला एक शब्द सांगितलेला नाही, आणि आताही सांगणार नव्हती.

"छान लिहिलंयस," मी म्हणालो.

त्रिशलानं वही मिटली. "अण्णा, ती म्हैस बरी झाली का हो? तुम्ही नेहमी बरी आहे म्हणायचा. पण मग आपण तिला बघायला कधीच गेलो नाही."

चार वर्षं मी हो म्हणत आलो होतो. आज म्हणवलं नाही. "नाही बाळ. गेली ती. तू आजारी होतीस तेव्हाच."

 तिनं अक्कासारखेच डोळे खाली घातले.

"खोकल्यानं?"

"हो."

"मी सांगितलं होतं ना तेव्हा."

"हो. तू सांगितलं होतंस."

"माझं ऐकलं असतं तर वाचली असती ना?"

"वाचली असती," मी म्हणालो.

ती स्टुलावरून उतरली, वही दप्तरात ठेवायला गेली. एक, आणि मग दोन. दूध वर आलं होतं. अक्का म्हणाली, "उतरीव आता, तिसरी हाय." मी फुंकर मारून खाली बसवलं आणि आणखी एक उकळी येऊ दिली.